क्लिप थांबवल्यावर मुलगा बोलला

"मॅडम, व्यसनांवरच्या सगळ्या क्लिप्स ऐकवल्या त्याला. तरी जिवाला घोर आहेच." मी समुपदेशक; पुण्यातल्या पालकांकडून हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकते. कोथरूडची एक आई सहावीतल्या मुलाला घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

तिने त्याला ऐकवलेली क्लिप बावीस मिनिटांची. मागे रडकं संगीत, शेवटी तरुणाचा मृत्यू. दोन भेटी मुलगा गप्पच. तिसऱ्या भेटीत मी ती दुसऱ्याच मिनिटाला थांबवली. "यातलं काय खोटं वाटतं तुला?"

"यातला दादा मरतो. आमच्या क्लासखाली पेन ओढणारे दादा तर रोज मजेत असतात."

पेन म्हणजे ई-सिगारेट, 2019च्या कायद्याने बंदी असलेली.

"हे मला कधी बोलला नाहीस!" आई म्हणाली.

"तू विचारलंस कुठे? तू नुसतं लावून द्यायचीस."

डोळ्यांना दिसतं ते कानावरच्या गोष्टीशी जुळेना, म्हणून त्याने ऐकणंच सोडलं होतं. भीतीपेक्षा खरेपणा मुलांच्या गळी उतरतो, हे माझं जुनं मत इथे पुन्हा पक्कं झालं.

मग आईनेच रेकॉर्डिंग केलं. तीन मिनिटं, विषय एकच. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. पहिल्यांदा तिने लिहून वाचलं, ते बातम्यांसारखं झालं. दुसऱ्यांदा चार मुद्दे समोर ठेवून बोलली. पेनमधल्या निकोटिनने आधी बरं वाटतं, हेही सांगितलं. मग सवय, ते मिळालं नाही की चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं. कुठे मिळतं, केवढ्याला, कसं घेतात हे मात्र गाळायचं. त्याने कुतूहल चाळवतं. व्हाइटनर, थिनर हुंगण्याबद्दल बोलताना आडपडदा नको: पहिल्याच वेळीही हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो.

ऐकवताना दर मिनिटाला थांबून मुलाला "आता तो दादा काय म्हणेल?" असं विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. पालकांना हेच सर्वांत जड जातं. "कळलं ना?" विचारलं की "हो" येतं आणि बोलणं संपतं. झोपताना ऐकवू नका. मटार सोलताना ऐकवा. मुलाने काही कबूल केलंच तर आवाज चढवू नका. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

नकार मात्र मुलाच्याच आवाजात हवा. त्याने आधी "मी व्यसनांना ठाम नकार देतो" असं भाषण केलं, मग स्वतःच म्हणाला, "दादा हसतील." पाचव्या वेळी जमलं: "नको रे दादा, सर ओरडतील, चाललो मी." ते चार सेकंदांचं रेकॉर्डिंग आईच्या फोनवर आहे.