आयुष्यभर वाजवलेला ऑर्गन सरांनी अचानक का सोडला?

"बाबांनी आयुष्यभर ज्यात जीव ओतला तेच सोडून दिलंय, कुणात मिसळत नाहीत, सारखी चिडचिड करतात, हे डिप्रेशन आहे की वयाचं काही?" असा प्रश्न घेऊन मुलंमुली येतातच माझ्याकडे, महिन्यातून एखाददुसरं तरी. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं निघतं. पण एक केस मला कायम आठवते कारण तिच्यात मी स्वतः आधी चुकले होते. सरांनी लिहायची परवानगी दिलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सर ६९ वर्षांचे. छोटं गाव, तिथल्या शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले आणि चर्चमध्ये ४० वर्षं ऑर्गन वाजवणारे. छोट्या गावात संगीतवाला माणूस एकच असतो, त्यामुळे शाळेचं गॅदरिंग त्याचं, लग्नं त्याची, अंत्यविधी पण त्याचेच, कुणाचा पियानो उतरला की फोन त्यालाच, आणि संध्याकाळी घरी शिकायला येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांच्या आयांना पण त्यानेच शिकवलेलं. मानधन नावापुरतं. दर शनिवारी संध्याकाळी क्वायरची (चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींची) प्रॅक्टिस, ताप असला तरी.

आणि अशा माणसाने एका रविवारी उपासना संपल्यावर ऑर्गनची किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि सांगितलं, आता तरुणांनी वाजवावं. नंतर घरातला पियानो पण बंद, शिकायला येणारी मुलं बंद, रविवारी चर्चला जाणं पण बंद. मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप, भूक, मन कशात लागतं का, जगणं नकोसं वाटतं का (हा प्रश्न मी सरळच विचारते, आडून नाही). नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली असते त्यात त्यांचा स्कोअर ११ आला, म्हणजे मध्यम डिप्रेशन. मला वाटलं झालं, रिटायरमेंटनंतरचं दुःख आहे, कामाबरोबर ओळखच गेलीये, त्यावर काम करू. तसं बोलायला पण सुरुवात केली. सर मान हलवत होते, हो हो म्हणत होते. मला वाटलं बोलणं पोचतंय.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी मला सणकून सर्दी झालेली म्हणून मी मास्क लावून बसले, आणि दहा मिनिटांत सर इतके वैतागले की उठून निघालेच. मी विचारलं "मुलांची आठवण येते का?" तर ते म्हणाले "नाही, पाठ ठीक आहे." मी मास्क काढला, तोच प्रश्न परत विचारला, त्यांनी नीट उत्तर दिलं. पहिल्या भेटीत ते माझे ओठ वाचत होते आणि मी त्याला छान आय कॉन्टॅक्ट समजत होते! इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर.

"सर, कान कधी तपासलेत?" असं विचारल्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. ते चिडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "ऐकू कमी यायला लागून तीन वर्षं झाली. बायकोला पण सांगितलेलं नाही."

मग सगळं बाहेर आलं. वयाने जाणारं ऐकणं वरच्या सुरांकडून जायला लागतं, आणि ते इतकं हळू जातं की आपल्याला वाटतं जगच पुटपुटायला लागलंय. स, श, फ अशी अक्षरं आधी जातात. म्हणून सर क्वायरवर ओरडायचे की शब्द गिळू नका, पोरं बिचारी होती तितकं स्पष्ट गात होती. आणि ऑर्गनचं तर फारच वाईट झालं. ऑर्गनला स्टॉप असतात, म्हणजे ओढायच्या खुंट्या, प्रत्येकीने वेगळा आवाज सुरू होतो, त्यातला २ फुटी स्टॉप दाबलेल्या पट्टीपेक्षा दोन सप्तकं वर वाजतो. पियानोची अगदी शेवटची पट्टी साधारण ४१८६ हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा मोठा तितका सूर वरचा), आणि २ फुटी स्टॉपवर उजव्या हाताचे वरचे सूर सहज तिथे पोचतात. सरांना नेमकं तेच ऐकू येईना, मग त्यांना वाटायचं ऑर्गन दबलाय, बोथट झालाय, म्हणून ते चकचकीत स्टॉप एकावर एक ओढत जायचे. लोकांच्या कानठळ्या. कमिटीतलं कुणीतरी म्हणालं की ऑर्गन हल्ली फार कर्कश वाटतो. सरांना तो अपमान वाटला. मग महिन्याभराने त्यांच्याच एका विद्यार्थिनीने रेकॉर्डिंग ऐकवलं आणि शेजारी बसलेली त्यांची नात कानावर हात ठेवून पळाली. त्यांना स्वतःला त्यात काहीच कर्कश ऐकू आलं नाही. पुढच्याच रविवारी किल्ली दिली.

म्हणजे संगीत नकोसं झालं नव्हतं. लपायचं होतं. गावात सगळ्यांचे सूर चुकीचे असू शकतात पण सरांचा कान चुकत नाही, ह्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता.

मी त्यांना धीर द्यायला बहिरा होऊनही संगीत लिहिणाऱ्या बेथोव्हेनचं उदाहरण काढलं तर हसले. "बेथोव्हेन सगळ्यांना माहीत असतो मॅडम. तुम्ही फोरे बघा. आमच्या धंद्यातला, चर्चवाला आणि वर मास्तर." मग त्यांनीच मला शिकवलं. गाब्रिएल फोरे, फ्रेंच संगीतकार, पॅरिसच्या मादलेन चर्चचा ऑर्गनिस्ट, १९०५ ते १९२० तिथल्या कॉन्झर्व्हेटरीचा, म्हणजे संगीत विद्यालयाचा डायरेक्टर, प्रसिद्ध संगीतकार राव्हेल त्याचा विद्यार्थी. ह्याचे कान गेले ते नुसते बहिरे नाही, वरचे सूर त्याला उतरलेले ऐकू यायचे आणि खालचे चढलेले, मधलेच तेवढे जागेवर. आणि त्याने ते जमेल तितकं लोकांपासून लपवलं. तरी लिहीत राहिला, शेवटची रचना, चार तंतुवाद्यांसाठीची स्ट्रिंग क्वार्टेट, १९२४ मध्ये पूर्ण केली आणि त्याच वर्षी गेला. "त्याने लपवलं, मग मी काय वेगळं केलं?" असं सर म्हणाले तेव्हा मी गप्प बसले, कारण लपवण्यात किती ताकद जाते ते त्यांनाच आठवत होतं.

तपासणीत २००० हर्ट्झच्या पुढे दोन्ही कान उतरणीला लागलेले निघाले. मशीन बसवलं. आणि इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती मला पण माहीत नव्हती. कानाची मशीन मुळात बोलणं ऐकण्यासाठी सेट केलेली असतात. मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, लांब एकसारखा सूर आला की तिला वाटतं ही शिट्टीच, आणि ती तो सूर दाबायला जाते. ऑर्गन म्हणजे तर लांब एकसारखे सूरच! सरांनी पहिल्यांदा मशीन लावून पट्टी दाबली तर सूर थरथरायला लागला, पाण्याखाली वाजवल्यासारखा. त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि मला फोन केला की बघा, देवालाच नकोय. मी म्हटलं देवाला मध्ये घेऊ नका, ऑडिओलॉजिस्टकडे (कान तपासून मशीन सेट करणाऱ्याकडे) परत जा आणि ऑर्गनचं रेकॉर्डिंग घेऊन जा. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करता येतो, त्यात ती शिट्टीची सोय आणि आजूबाजूचा आवाज गाळणं बंद किंवा कमी करतात, मोठा आवाज दाबणं पण सैल करतात. तीन चकरा लागल्या. मेंदूला सवय व्हायला तर कित्येक आठवडे जातात, तोवर कागदाचा आवाज पण नकोसा होतो.

पूर्वीसारखं ऐकू येतं का? नाही. आणि ते रडणं आम्ही दोन भेटींत रडलो, त्याला शॉर्टकट नव्हता. स्कोअर पुढे ६ वर आला, शून्यावर नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर, मन तपासाच, पण कान पण तपासा, दोन्ही एकत्र असू शकतं आणि सरांचं होतंच. घोळक्यात बसणं टाळणं, भलतंच उत्तर देणं, टीव्ही मोठा करणं, तुम्ही पाठ फिरवून बोललात की नुसतं हो हो. तोंडावर "तुम्हाला ऐकू येत नाही" असं म्हणू नका, विशेषतः कानावर आयुष्य काढलेल्या माणसाला. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एकदोन दिवसांत गेलं तर ते वय नसतं, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, त्यात उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

सर आता महिन्यातून दोन रविवार वाजवतात, दोन रविवार तरुण मंडळी. ती रेकॉर्डिंगवाली विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसते, २ फुटी स्टॉप जास्त झाला की गालाला बोट लावते, सर छोट्या आरशातून बघतात. तिला त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. बाकी क्वायरला अजून सांगितलेलं नाहीये, मागच्या भेटीत बघितलं तर कानावरचे केस वाढवलेत, मशीन झाकायला. मी काही बोलले नाही, पुढच्या महिन्यात बघू.