‘स्क्रू द पूच’ : अर्थ आणि उगम

प्रश्न : अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरील ‘द राइट स्टफ’ या चित्रपटात ‘स्क्रू द पूच’ असे शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतात. संदर्भावरून ते चुकीविषयी आहेत एवढे कळते. पण चुकीचा आणि कुत्र्याचा संबंध काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘पूच’ म्हणजे बोली इंग्रजीत कुत्रा, आणि ‘स्क्रू’ हे येथे संभोगासाठीचे असभ्य क्रियापद आहे. वापरातला अर्थ मात्र ‘ऐन मोक्याच्या वेळी माती खाणे’ असा आहे. किरकोळ चुकीला हे शब्द शोभत नाहीत. सगळ्या कामाचे मातेरे झाले, तरच ते वापरतात. चारचौघांत किंवा कार्यालयीन पत्रात ते टाळलेलेच बरे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी सैनिकांच्या बोलीत याहून उघडावाघडा, कुत्र्याचाच उल्लेख असलेला एक वाक्प्रचार होता आणि त्याचा अर्थ कामचुकारपणा करणे, नुसता वेळ काढणे असा होता. पुढे त्याचे शब्द थोडे सौम्य झाले आणि अर्थ काम टाळण्यावरून काम बिघडवण्यावर सरकला. सर्वसामान्य वाचकांपर्यंत तो पोहोचवला टॉम वुल्फ यांनी. त्यांच्या १९७९ सालच्या ज्या पुस्तकावरून आपण पाहिलेला चित्रपट निघाला, त्यात तो वैमानिकांच्या तोंडी आहे आणि अंतराळवीर गस ग्रिसम यांना चिकटवलेला आहे.

ग्रिसम यांच्यावर मात्र त्यामुळे अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. २१ जुलै १९६१ रोजी त्यांचे ‘लिबर्टी बेल ७’ हे यान सुमारे पंधरा मिनिटांच्या उड्डाणानंतर अटलांटिक महासागरात सुखरूप उतरले. पण स्फोटाने उघडणारे त्याचे दार वेळेआधीच उडाले, आत पाणी शिरले आणि यान तळाशी गेले. ग्रिसम स्वतः बुडता बुडता वाचले. त्यांनी घाबरून कळ दाबली, अशी कुजबुज झाली, आणि आपण कळीला हातही लावला नाही, हे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी अंतराळवीर वॉली शिरा यांनी उड्डाण संपल्यावर आपल्या यानाचे तसेच दार मुद्दाम कळ दाबून उडवले, तेव्हा उलट्या धक्क्याने त्यांच्या हाताला इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर तशी कोणतीही खूण आढळली नव्हती. शिवाय घाबरगुंडी उडालेल्या माणसाच्या हाती कोणी नव्या यानाचे पहिले समानव उड्डाण देत नाही, आणि नासाने मार्च १९६५ मध्ये ‘जेमिनी ३’चे नेतृत्व ग्रिसम यांच्याकडेच सोपवले. त्या यानाला त्यांनी ‘मॉली ब्राउन’ असे नाव दिले. टायटॅनिकच्या अपघातातून वाचलेल्या आणि ‘न बुडणारी’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या बाईचे ते नाव होते.