परत पहिल्यापासून

“रोज तासभर बसतोय की हो मॅडम. तरी पियानोचा पीस काही बसत नाही. लक्ष नाही म्हणायचं, का डोकंच नाही त्यात?”

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक आई हे विचारत होती. शेजारी तिचा तेरा वर्षांचा मुलगा, नजर फरशीवर. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला दोघांचीही परवानगी आहे.) हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. कधी पियानोच्या जागी तबला असतो, कधी स्कॉलरशिपचं गणित. वाक्य मात्र तेच: बसतो, पण बसत नाही.

मुलगा चार वर्षं पियानो शिकत होता. घरी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो, आईनं पगारातून हप्त्यावर घेतलेला. दोन महिन्यांपूर्वी सरांनी नवा पीस दिला, बीथोव्हनचा ‘फ्युर एलिझ’. नाव माहीत नसलं तरी त्याची सुरुवात तुम्ही ऐकलेली असते; दोन शेजारच्या पट्ट्या आलटून पालटून वाजतात आणि मग सूर खाली उतरतो. तेवढं गल्लीतल्या निम्म्या मुलांना येतं. याला पुढचं यायचं नाही. परीक्षेला अडीच महिने उरले होते.

मी आधी चुकले, तेही सांगते. परीक्षा, घामेजलेले तळवे, खाली मान. मी मनातल्या मनात ‘परीक्षेची भीती’ असं लेबल लावून मोकळी झाले. दोन बैठका श्वासाचे व्यायाम आणि स्नायू सैल सोडणं शिकवण्यात घालवल्या. तो मुकाट्यानं करायचा. तिसऱ्या वेळी म्हणाला, “मॅडम, घरी पण अडतंय. घरी कुठं परीक्षा असते?”

बरोबर होतं त्याचं. तेव्हा मी जे पहिल्या दिवशी मागायला हवं होतं ते मागितलं: घरच्या सरावाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग.

बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आलं. मी पियानोवाली नाही. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तेवढाच माझा सुरांशी संबंध. पण मोजता येतंच. कागदावर रेघा ओढत बसले. सुरुवातीचा तुकडा एकतीस वेळा वाजला होता. तो झाल्यावर सूर बदलतो आणि एक धावता भाग येतो, तिथपर्यंत हात नऊ वेळा पोचला. त्याच्या पलीकडे दोनदा. आणि प्रत्येक अडखळण्यानंतर, लांबून, कुकरच्या शिट्टीच्याही वर चढणारा आवाज: “चुकलं. परत पहिल्यापासून!”

मी ते आईला ऐकवलं. तिला स्वतःचा आवाज तिथं आहे हेच ठाऊक नव्हतं. दोनदा मागं घेऊन ऐकलं तिनं. मग म्हणाली, “आमचे आजोबा असंच म्हणायचे.”

ती स्वतः प्राथमिक शिक्षिका. लहानपणी दिवेलागणीला परवचा. पावकी, निमकी आणि मग पाढे. एकोणतीसच्या पाढ्यात कुठं अडलं की परत ‘एकोणतीस एके एकोणतीस’. आजोबा पलंगावरून उठायचेही नाहीत, नुसतं “परत” म्हणायचे. “पण मला पाढे आले की हो,” ती म्हणाली. आलेच होते. त्या पद्धतीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पाढा दहा ओळींचा असतो, पहिल्यापासून म्हटला तरी अर्ध्या मिनिटात अडलेल्या जागी पोचता. हा पीस शंभरेक बारांचा (बार म्हणजे नोटेशनमधला तालाचा एक छोटा कप्पा). पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे येतं ते एकतीसदा आणि येत नाही ते नऊदा.

शिवाय घोटताना बोटं निवड करत नाहीत. जे जसं, ज्या क्रमानं होतं, ते तसं मुरवतात. पट्टी चुकली, थांबलं, आईचा आवाज आला, सुरुवातीला गेलं: हा सगळा क्रम त्याच्या हातात बसला होता. थांबणं हा त्या पीसचाच एक बार झाला होता म्हणा ना. हाताच्या आठवणीतून वाजवणाऱ्याची आणखी एक अडचण असते. सूर साखळीसारखे एकातून एक येतात. एक कडी निसटली की पुढची कुठून धरायची हे कळत नाही, कारण त्याला आत शिरायचा दरवाजा एकच माहीत असतो, अगदी पहिला. अशा मुलाला आपण ‘धांदरट’ म्हणतो, मला त्याचा फार राग येतो.

मी मिरजेला राहते, खोलीवर सिटी बसनं येते. त्याला विचारलं, “सांगली स्टँडवरून मिरजेला निघालास आणि बस विश्रामबागेत बंद पडली, तर काय करशील?”

“दुसरी बस.”

“कुठून?”

“तिथूनच की.” आणि मग पहिल्यांदाच हसला. “परत स्टँडला कशाला जाऊ?”

पुढच्या आठवड्यात तो नोटेशनची झेरॉक्स घेऊन आला. पेन्सिलीनं त्यावर थांबे लिहिलेले: सांगली स्टँड, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, वानलेसवाडी, मिरज. अडतं ती जागा मार्केट यार्ड. “तिथं ट्रक आडवे असतात,” म्हणाला. नियम एवढाच ठरला की कुठल्याही थांब्यावरून गाडी सुटली पाहिजे. दिवसातला पहिला सराव सांगली स्टँडवरून करायचा नाही.

मग मी त्याच्या सरांना फोन केला, कारण बोटांचं मला काय कळणार. त्यांनी एक गंमत सांगितली. या पीसचा पहिला भाग मध्ये एकदा आणि शेवटी एकदा, असा फिरून परत येतो. म्हणजे मिरज स्टँड आणि सांगली स्टँड एकच! शेवटचं पान पोराला पहिल्या दिवसापासून येत होतं, तो तिथवर कधी पोचलाच नव्हता. सरांनी त्याला उलटं शिकवायला घेतलं. शेवटचा भाग येतोच. त्याआधी, काळी-पांढरी एकही पट्टी न सोडता वरून खाली घसरत येणारी एक ओळ आहे, ती बसवायची आणि थेट ओळखीच्या सुरात शिरायचं. मग त्याच्याही आधी, डावा हात एकच खालचा सूर ठोकत राहतो तो भाग. असं मागं मागं सरकायचं. एरवी आपण येत असलेल्याकडून न येणाऱ्याकडे जातो आणि बोटं आखडायला लागतात. इथं प्रत्येक वेळी घराकडे येणं.

दुसरी गोष्ट वेगाची. मार्केट यार्डातले सूर पहिल्या भागातल्या सुरांच्या दुप्पट वेगानं धावतात, ताल तोच. तो पहिला भाग हौसेनं जोरात सोडायचा आणि मग इथं आपटायचा. सर म्हणाले, सगळ्यात अवघड बार ज्या वेगाला शांतपणे वाजतो तोच आज सगळ्या पीसचा वेग. आधी एकेक हात, मग दोन्ही. चुकायच्या आधी थांबायचं, चुकल्यावर नाही. चारच बार, दहा मिनिटं, मग उठायचं. झोप झाल्यावर सकाळी पुन्हा दहा मिनिटं. हातानं शिकलेलं झोपेत आणखी पक्कं होतं, त्यामुळे रात्री बाराला रडत केलेल्या तासापेक्षा सकाळची दहा मिनिटं मी केव्हाही घेईन.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर घुमता करताना, पाहिलंय कधी? तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कारागीर एका जागी जरासं घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा जरासं घासतो. भोपळ्यापासून नवा तंबोरा करायला घेत नाही.

आईचं काम यापेक्षा अवघड होतं. मी सुचवलं, सरावाला हेडफोन. ती लगेच म्हणाली, “मग मला कसं कळणार, बसलाय का नाही ते?” मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “तेच म्हणताय ना तुम्ही.” सध्या तिला स्वयंपाकघरात फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते. पोळ्या लाटताना तेवढ्यावरून ती अंदाज बांधते, हे तिनंच कबूल केलं.

एक बैठक मी मुलाबरोबर एकट्यानं केली. तुला पियानो हवाय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाला, “पीस हवाय. परीक्षा आत्ता नको.” घरी दोन दिवस धुसफुस झाली, मग परीक्षा पुढच्या सत्रावर गेली. त्याच बैठकीत त्यानं मला सांगितलं की हस्तलिखितावर २७ एप्रिल १८१० अशी तारीख होती म्हणतात, बीथोव्हन १८२७ मध्ये गेला आणि पीस छापला गेला १८६७ मध्ये. “सत्तावन्न वर्षं मॅडम. आणि आईला दोन महिन्यांत पाहिजे.”

सगळ्यांना हाच उतारा लागू पडतो असं समजू नका. क्लासच्या दिवशी उलटी होत असेल, झोप उडाली असेल, हात बाकी वेळीही थरथरत असतील, किंवा मूल वाद्याकडे बघायलाही तयार नसेल, तर थांबे लिहून भागत नाही. तिथं आधी मुलाशी बोलावं लागतं, गरज पडली तर डॉक्टरांशीही.

चारएक महिन्यांनी क्लासमध्ये पालकांसमोर छोटा कार्यक्रम झाला. मी गेले नव्हते, आईनं फोनवर सांगितलं. मार्केट यार्डात तो अडखळलाच. एक श्वास घेतला, उडी मारून विश्रामबाग पकडली आणि मिरजेला पोचला. मधले चार बार गेले ते गेलेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“माझ्या ओठावर आलं होतं हो, ‘परत’. वेलदोडा होता तोंडात, तो चावला.”

परतताना स्कूटरवर त्यानं मागून विचारलं, “कुठं चुकलो कळलं का तुला?”

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“नाही म्हटलं. खोटं बोलले.”