कुत्रा-मांजर असलेलं घर विकायला काढताना काय तयारी करावी?

प्रश्न असा आहे: घरात एक कुत्रा आणि दोन मांजरी आहेत. दीड-दोन महिन्यांत लोक घर बघायला येऊ लागतील. नवा रंग दिला की पुरेल, की आणखी काही करावं लागेल?

रंग सगळ्यात शेवटी. वास घालवण्याआधी भिंती रंगवल्या तर तो खर्च बहुतेक वाया जातो. लघवीतले क्षार प्लास्टरमध्ये तसेच राहतात, रंगातल्या पाण्याने ते पुन्हा ओले होतात आणि वास नव्या रंगातूनही बाहेर येतो.

तुमच्या घराला वास येतो की नाही हे तुमचं नाक सांगू शकणार नाही, रोजच्या वासाची त्याला सवय झालेली असते. जनावरं न पाळणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला बोलवा. तो येण्याआधी दारं-खिडक्या चार-पाच तास बंद ठेवा आणि उंबऱ्यातून आत आल्या आल्या काय जाणवलं ते विचारा. त्याने संकोच न करता खरं सांगावं, एवढं मात्र आधीच बजावून ठेवा.

मग डाग शोधा. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या आणि रात्री सगळे दिवे घालवून फिरा. वाळलेली लघवी पिवळट-हिरवी चमकते. साबणाचे डागही चमकतात, म्हणून प्रत्येक जागी जवळ जाऊन वास घ्या आणि खडूने खूण करा. फक्त फरशी बघू नका. बोका फवारा मारतो तो भिंतीवर, वीतभर ते हातभर उंचीवर. सोफ्याची मागची बाजू, पडद्यांची खालची कड, दारामागचे कोपरे आणि स्कर्टिंगच्या वरची फट इथे हमखास काहीतरी सापडतं.

मांजराच्या लघवीचा वास चिवट असतो त्याला कारण आहे. तिच्यातलं युरिक ॲसिड वाळून स्फटिक होतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. साबणाने पुसल्यावर दोन दिवस बरं वाटतं, हवा दमट झाली की पुन्हा वास सुटतो. हे स्फटिक तोडायला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, आणि ते बहुतेकांना लागू पडत नाही कारण वापरण्यात चूक होते. डागावर आधी फिनेल किंवा जंतुनाशक मारलेलं असेल तर त्याचा अंश एन्झाइमचं काम बिघडवतो. त्यामुळे जागा आधी साध्या थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन टिपून घ्या. मग क्लीनर नुसतं फवारू नका, ओता. लघवी जितकी खोल मुरली तितकंच खोल ते जायला हवं. गादीवर किंवा गालिच्यावर डाग वर दिसतो त्याच्या दुपटीएवढी जागा भिजवा. वर प्लास्टिक पसरा, म्हणजे ते लवकर वाळणार नाही. बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर बारा ते चोवीस तास तसंच राहू द्या, मग पंख्याखाली पूर्ण वाळवा. पहिल्या एक-दोन दिवसांत वास उलट वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं. लोकर आणि रेशमावर आधी कोपऱ्यात तपासून बघा, काही एन्झाइम त्या धाग्यांनाच खातात.

ब्लीच मात्र वापरू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो. गरम वाफेने डाग पक्का बसतो. व्हिनेगरने वरवरचा वास कमी होतो, पण युरिक ॲसिड तसंच राहतं, आणि संगमरवरावर ते पडलं तर पॉलिश जातं.

टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट फार मुरलं असेल तर खरवडून नवं भरा. गालिच्याच्या खालच्या फोमपर्यंत लघवी पोहोचली असेल तर फोम काढून टाका, त्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. उघड्या सिमेंटवर किंवा भिंतीवर, साफ करून पूर्ण वाळल्यावर, लाखेवर आधारलेल्या शेलॅक प्रायमरचे दोन हात द्या आणि मग रंग. साध्या पाण्यातल्या प्रायमरने हा वास अडत नाही.

ओरखडे हे त्यामानाने सोपं काम. दाराच्या खालच्या भागात नखांच्या खोल रेघा असतील तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, लाकडाची लांबी (भेगा भरायची पुट्टी) किंचित उंच भरा, कारण वाळताना ती बसते, मग २२० ने सपाट करा. चौकटीचा कोपरा कुत्र्याने चावून उडवला असेल तर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लावून आकार द्या. नुसती लांबी तिथे टिकत नाही.

केसांसाठी रबरी हातमोजा किंचित ओला करून सोफ्यावर एकाच दिशेने ओढा, व्हॅक्यूमने न निघालेले केस गोळा होतात. पंख्याची पाती आणि एसीची जाळी विसरू नका. एसी लावल्यावर सगळ्यात आधी तोच वास येतो.

घर बघायला येणाऱ्यांच्या वेळी जनावरं घरात नसलेलीच बरी, अर्धा तास आधी त्यांना बाहेर न्या. लिटर बॉक्स, भांडी आणि अंथरूण गाडीत ठेवा. फोटोतही ती नकोत. उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरचा भपकारा ठेवू नका, त्याने काहीतरी लपवल्याचा संशय येतो. जनावरं होती का असं कुणी विचारलं तर सरळ हो म्हणा. मांजराचे ॲलर्जी करणारे कण मांजर गेल्यावरही कित्येक महिने घरात राहतात, आणि घेणाऱ्याच्या घरात कुणाला दमा असू शकतो.

ताबा देण्याआधी घर रिकामं राहणार असेल तर पिसवांकडे लक्ष द्या. त्यांचे कोष कित्येक आठवडे, कधी महिनेही तसेच पडून राहतात आणि माणसांच्या पावलांचा हादरा व ऊब मिळाली की फुटतात. औषध कोषाच्या आत पोहोचत नाही. म्हणून फवारणीनंतर दोन-तीन आठवडे रोज व्हॅक्यूम करा. त्याच्या हादऱ्याने पिसवा बाहेर येतात आणि औषधावर पडतात. पर्मेथ्रिन असलेलं औषध असेल तर मांजरी घरात असताना ते वापरू नका, त्यांना ते विषारी आहे.