पहिल्यांदा स्कलर्स हेड वल्हवणार असशील तर

लंडनमधली ही एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या होड्यांची शर्यत थेम्स नदीवर, मॉर्टलेक ते पटनी, ओहोटीबरोबर, सुमारे ६.८ किमी. एकेक जण सुटतो, लढत घड्याळाशी. नवख्याचा वेळ ताकदीपेक्षा दिशेत जास्त जातो.

वळणावर आतल्या काठाने जायचा मोह होतो. अंतर कमी वाटतं, पण तिथलं पाणी उथळ आणि संथ. ओढ खोल प्रवाहात असते, तिथेच राहा. दर पाच-सहा वल्ह्यांनी मागे वळून बघ, खांदा आलटून पालटून. मागचा गाठायला आला तर बाजू द्यायची. वाद नको.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सुरुवातीलाच जीव तोडून वल्हवणं. हॅमरस्मिथ पुलाखालून गेल्यावरही बरंच अंतर उरतं, तेव्हा दम शिल्लक हवा.

पाण्यात उतरण्यापूर्वी:
- दोन्ही गेट (वल्हं कड्यात अडकवून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या) घट्ट आवळली आहेत ना
- बुटांच्या टाचांच्या दोऱ्या आखूड आहेत ना; उलटल्यावर पाय त्यामुळेच सुटतो
- थांबताना घालायला गरम कपडे, काढून ठेवता येतील असे

वारा प्रवाहाविरुद्ध असेल तर लाटा उठतात. तेव्हा वल्ही पुढे नेताना हात थोडे खाली ठेव, म्हणजे पाती लाटांच्या वर राहतील; घाई करू नकोस. उलटलास तर होडी सोडू नकोस.

स्ट्रोक रेट (मिनिटाला किती वेळा वल्हवायचं) आणि रिगिंगचं (वल्ह्यांच्या आधारांची जुळणी) पुढच्या वर्षी बघू.