तीळ सुटतायत? आधी मासा कोरडा कर

तिळाचं आवरण लावलेला मासा तव्यावर परतताना तीळ सुटून तेलात तरंगतात, त्याला बहुतेक वेळा ओला मासा कारण असतो. फिले (माशाचा काटे काढलेला तुकडा) धुतल्यावर सुती फडक्याने दाबून टिप. मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून १५ मिनिटं ठेवलंस की पुन्हा पाणी सुटतं, तेही टिपायचं. हेच नेमकं विसरलं जातं.

सुरुवात रावसाने कर. त्याचे जाड, घट्ट तुकडे उलटताना सहसा फुटत नाहीत. बासा पाणीदार, तो नंतर.

तीळ कच्चेच घे. भाजलेले मासा शिजेपर्यंत करपून कडू होतात. आधी तांदळाच्या पिठाचा पातळ हात, मग अंड्याचं फेटलेलं पांढरं, मग ताटातल्या तिळांवर फिले घट्ट दाबायचा. मी एकाच बाजूला लावते. उलटल्यावर ती वर राहते आणि मऊ पडत नाही. नंतर २० मिनिटं फ्रिजमध्ये, न झाकता.

मध्यम आच, तिळाची बाजू खाली. २ सेंटीमीटर जाडीला ३-४ मिनिटं, उलटून साधारण ३. मधेच उचलून बघायचा मोह आवर गं, आवरण तेव्हाच निघतं! कड सोनेरी झाली की उलथनं सहज खाली सरकतं. लिंबू वरून पिळू नकोस, फोड बाजूला ठेव.