घरात दोन ससे आहेत, मुलांना कुत्रा हवाय. कॉली मेंढ्या राखते, मग सशांनाही राखेल ना?

नाही राखणार. कॉली घेऊ नका.

लॅब्राडोर, बीगल आणि बॉर्डर कॉली या तिघांमध्ये तुमचं अडलंय, आणि पिल्लू देणारा म्हणतोय की कॉली म्हणजे 'जनावरं सांभाळणारी जात'. हे वाचून गप्प बसवलं नाही. 'काही नाही करत ती' या एका वाक्यावर भरवसा ठेवल्यामुळे आमच्या घरातून संध्याकाळी एक ससा गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुत्री गेली. कुत्रीचं मला जास्त लागलं. अजून लागतं.

आधी कॉलीचं सांगते. आपण 'राखणं' हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांना वापरतो, घोळ तिथून सुरू होतो. कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात उतरतात, वर्धा-यवतमाळकडे जाताना तुम्ही ते कळप पाहिले असतील. त्यांच्या किंवा आपल्या धनगरांच्या कळपातला कुत्रा हा राखणदार. तो पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतो, त्यांच्यातच झोपतो, लांडग्याची चाहूल लागली की उठतो. मेंढ्या हाकायचं काम माणूस तोंडाने आणि काठीने करतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची कॉली ते हाकण्याचं काम करते, आणि हाकते कशी, तर मेंढीच्या मनातल्या लांडग्याच्या भीतीवर. कॉली करते ती शिकारच, फक्त अर्ध्यावर थांबवलेली. हेरायचं, नजर रोखायची, दबकत जायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, फाडायचं, खायचं, असा लांडग्याचा क्रम. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून कॉलीत सुरुवातीचे टप्पे वाढवले आणि पुढचे दाबले. दाबले म्हणजे काढून टाकले असं नाही. शिवाय तिथे शीळ घालून तिला जागेवर बसवणारा मेंढपाळ असतो, आणि मेंढी चांगली चाळीस-पन्नास किलोची असून तिला पळायला अख्खं रान असतं. तुमचा ससा दोन किलोचा, आणि हॉल असेल बारा बाय पंधराचा.

टेरियर आणि डॅशहुंड यांच्यात उलट केलंय. त्यांना शेवटचे टप्पे हवेत म्हणूनच पैदा केलं: बिळात घुसायचं, धरायचं, झटका द्यायचा.

आमची चिंगी डॅशहुंड होती. तांबूस रंगाची, जेमतेम आठ किलोची. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरात आई-बाबा, दादा, वहिनी, सात वर्षांची पुतणी आणि मी. चिंगी माझी, आणि कापूस नावाचा पांढरा ससा पुतणीचा. शेजारच्यांकडे मोठा लॅब्राडोर होता. त्याला सगळे घाबरायचे, फाटकाला दोन कड्या त्याच्यासाठीच लावलेल्या. चिंगीला कोण घाबरणार? एवढेसे पाय, लांब कान, सोफ्यावर चढायलाही मदत लागायची.

मी मात्र तिच्या जातीबद्दल वाचलेलं होतं. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बिज्जू, जमिनीत बिळं करून राहणारा, मोठ्या नखांचा तिकडचा प्राणी. त्याच्या बिळात शिरून त्याला भिडायला ही जात तयार केली. आणि ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी हे नीट वाचा: तिकडे डॅशहुंडचं माप छातीच्या घेराने घेतात, कारण कुत्रा बिळात मावतो का हे बघायचं असतं, आणि सगळ्यात लहान मापाच्या डॅशहुंडच्या नावातच 'ससा' आहे. सशाच्या बिळात मावेल एवढा तो लहान ठेवलाय. लहान कुत्रा म्हणजे कमी धोका, हे गणित इथेच मोडतं. हे मी दादाला जेवताना सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू ना, उगाच भिववून राहिली सगळ्यांना. आपल्या घरात जर्मनी आणू नको."

आठ महिने काही झालं नाही. कापूस पिंजऱ्यात, चिंगी पिंजऱ्याला नाक लावून पडलेली. वहिनी फोटो काढून नातेवाइकांना पाठवायची, 'पक्के मित्र' म्हणून. त्या फोटोंत चिंगीचं शरीर ताठ, शेपूट स्थिर, तोंड मिटलेलं आणि नजर हलत नाही, हे कुणाला दिसायचं नाही. भुंकणारा, उड्या मारणारा कुत्रा लोकांना धोकादायक वाटतो. भुंकण्यात बरेचदा नुसती उत्सुकता असते. जो गप्प होऊन एकटक बघतो त्याच्याकडे लक्ष ठेवायचं असतं. सशाचंही तसंच. कापूस अंग चोरून, कान पाठीला चिकटवून, डोळे वटारून बसायचा, मागचा पाय आपटायचा. घरचे म्हणायचे, बघा किती शांत बसलाय. तो घाबरून थिजलेला असायचा.

म्हणून मी एक नियम केला होता. कापूस पिंजऱ्याबाहेर आला की चिंगी मागच्या खोलीत आणि दाराला बाहेरून कडी. तो नियम फक्त मी पाळायची.

मे महिना होता. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे, त्यात ससा बाहेर ठेवता येतच नाही. पिंजरा हॉलमध्ये कूलरसमोर आणला होता. संध्याकाळी सातला लाईट गेली. कूलर बंद, हॉलची भट्टी झाली, कापूस तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला. दादाने त्याला बाहेर अंगणात नेलं, ओल्या फरशीवर ठेवलं. ते त्याने बरोबरच केलं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. अजून अर्धा तास आत राहिला असता तर ससा उन्हाळ्यानेच गेला असता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "दादा, चिंगीला आत घाल आधी!" तो म्हणाला, "झोपली आहे ना ती, कशाला उठवते. काही नाही करत ती."

ओल्या फरशीवर हुशारी आली तसा कापूस उठला आणि पळाला. आठ महिने चिंगीने बसलेला ससा पाहिला होता. पळणारा ससा तिने पहिल्यांदा पाहिला. मी दारात पोचेपर्यंत तिने मानेवर धरून दोन झटके दिले होते. ना गुरगुर, ना भुंकणं. नंतर तिने त्याला खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली.

दादाने चपलेने मारलं तिला. मी मधे पडले, "काहून मारून राहिला तिला? तिला काय कळते?" तो म्हणाला, "इतके महिने मनात खोट ठेवून होती. खुनी आहे ते जनावर." पुतणी रडत होती, तिच्यासमोर बोलला तो हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता चिंगीला काटोलकडच्या एका ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत सोडून आला. मला ऑफिस होतं, बाबांनी मला 'आता विषय वाढवू नको' म्हणून बसवलं, आणि मी बसले. पुतणीने एका रात्रीत दोघांना गमावलं, आणि तिला फक्त एकाबद्दल रडायची परवानगी होती.

आता बागेतली गोष्ट ऐका. तिथे घुशींनी बांध पोखरले होते. चिंगीने पहिल्याच पावसाळ्यात बिळं उकरून इतक्या घुशी मारल्या की बागवाले काका फोन करून दादाला शाबासकी द्यायचे, आणि दादा ती आलेल्या पाहुण्यांना सांगायचा: "आमची चिंगी, काय शिकारी आहे!" तोच जबडा, तोच मानेवरचा झटका. अंगणात त्यासाठी चप्पल आणि बागेत त्याचसाठी भाकरीवर तूप. मग खोट कुणाच्या मनात होती? चिंगी सहा वर्षं त्या बागेत राहिली, तिथेच म्हातारी होऊन गेली. मी महिन्यातून एकदा जायची. फटफटीचा आवाज आला की धावत यायची.

दादा, तू हे वाचशील, कारण वहिनी तुला वाचायला देईल. तू कडी लावली नाहीस. एवढंच झालं होतं त्या दिवशी.

आता तुमचं. बीगल घेऊ नका, ती जात ससे हुंगून काढून त्यांच्यामागे लागण्यासाठीच वाढवली आहे. करवानी हाउंड नको, तिचं आयुष्यच पळणाऱ्या सशावर नजर ठेवण्यात गेलंय. जॅक रसेल टेरियर, डॅशहुंड, हस्की नको. (हस्की हा बर्फातला कुत्रा, तो नागपुरात आणूच नये, ससा असो वा नसो.) जर्मन शेफर्डबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आपल्याकडे दर दुसऱ्या गल्लीत आहे आणि तोही मुळात मेंढ्यांचाच कुत्रा आहे हे कुणाच्या लक्षात नसतं, तेव्हा कॉलीचं जे सांगितलं ते त्यालाही लागू. तिघांत लॅब्राडोर बरा. गोळी लागलेला पक्षी न चावता उचलून आणायचं त्याचं काम, त्यामुळे जबडा हलका. पण हलक्या जबड्यात धरलेला ससाही भीतीने मरतो. अंगावर ओरखडा नसताना मरतो. आणि घाबरून खाणं सोडलं तर सशाचं आतडं थांबतं; अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या दिसल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.

'लहानपणापासून एकत्र वाढवलं की होतं' आणि 'ट्रेनिंग दिलं की होतं' असं तुम्हाला दहा जण सांगतील. ट्रेनिंगने तुम्ही समोर असताना कुत्रा थांबतो. लाईट गेल्यावर, तुम्ही स्वयंपाकघरात असताना, थांबवतं ते बंद दार. ससे एका खोलीत, कुत्रा दुसरीकडे, आणि मधे एक नाही तर दोन दारं, कारण एक दार कुणीतरी उघडं ठेवतंच. ससे बाहेर असतील तर कुत्रा साखळीला, आणि साखळी मोठ्या माणसाच्या हातात.

एक गोष्ट मला आधीच लिहायला हवी होती. जात म्हणजे सगळं असं नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो असं निघालं. म्हणजे सशाकडे ढुंकूनही न बघणारा डॅशहुंड असू शकतो, आणि खारी मारणारा लॅब्राडोरही. त्यामुळे पिल्लापेक्षा, ज्याचा स्वभाव आधीच दिसलाय असा मोठा कुत्रा बघा. गावठीही चालेल. मांजरी, कोंबड्यांच्या घरात दोन-तीन वर्षं राहिलेला कुणी मिळाला तर कोणत्याही कागदवाल्या पिल्लापेक्षा मी तो घेईन. दारं मात्र त्याच्यासाठीही दोनच.

मुलं किती वर्षांची ते तुम्ही लिहिलं नाही. दहाच्या आतली असतील तर कडी त्यांच्या भरवशावर सोडू नका, आणि घरात दुसरं कुणी लावणारं नसेल तर आत्ता कुत्रा आणू नका. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. तुमचे तीन वर्षांचे आहेत.